मुलाच्या कानात सतत शिट्टी वाजते, रिपोर्ट नॉर्मल आहे. घरच्यांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पंधरा वर्षांचा आहे, तीन महिन्यांपासून दोन्ही कानांत शिट्टीसारखा आवाज येतो, ऐकण्याची चाचणी नॉर्मल आली आणि डॉक्टर "सवय होईल" एवढंच म्हणाले. रात्रीची झोप गेलीय, दहावीचं वर्ष आहे. माझी लेक सोळाव्या वर्षी यातून गेली, म्हणून उत्तर देतोय. मी डॉक्टर नाही, बाप आहे.

आधी त्याचं खरं माना. बाहेरून काही दिसत नाही, रिपोर्टही चांगला, मग 'अभ्यास टाळायला करतोय का?' ही शंका मनात येतेच. माझ्याही आली होती आणि मी तोंडातून शब्द न काढताही लेकीला ती कळली. ते भरून काढायला मला बरेच महिने लागले. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आवाज खोटा, असं नसतं. आपल्याला ऐकू किती येतं ते ती चाचणी मोजते, आत काय वाजतंय ते नाही. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) दुखावल्या की मेंदूकडे जाणारा संदेश कमी पडतो. मग मेंदू जास्त कान टवकारतो आणि स्वतःचीच कुजबुज त्याला ऐकू यायला लागते. साधारण असं आम्हाला ऑडिओलॉजिस्टबाईंनी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी, समजावलं. त्यांनी १९५३चा एक प्रयोगही सांगितला. हेलर आणि बर्गमन या दोघांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले. हे ऐकून लेक पहिल्यांदा मोकळं बोलली. "म्हणजे मला वेड लागलेलं नाही ना, बाबा?" हा प्रश्न ती दोन महिने एकटीच मनात घेऊन हिंडत होती. तुमच्या मुलाच्या मनातही तो असेल. त्याने विचारायची वाट पाहू नका.

आमच्याकडे कारण ढोल. पथकात तिला मीच नेलं होतं. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी रोज संध्याकाळी सराव, आणि कानात कापसाचा बोळासुद्धा नाही (कापसाने फारसं अडतही नाही म्हणा, फोमचे इअरप्लग लागतात). ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसाला आठ तासांपर्यंत सोसतो, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. हे मला नंतर कळलं. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कानात रातकिडे ओरडतायत." सगळे म्हणाले, जातील. ते गेले नाहीत.

या अपराधी भावनेतून माझी मोठी चूक झाली. रोज सकाळी मी विचारायचो, "आज कसाय आवाज? कमी झाला का?" ऑडिओलॉजिस्टबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही विचारता तेव्हा उत्तर द्यायला तिला तो आवाज शोधावा लागतो. नको असताना तिचं लक्ष तुम्ही तिथे नेता." त्या दिवसापासून विचारणं बंद. ठरलं असं की तिला सांगावंसं वाटलं तर तिने सांगायचं. "आज जास्त आहे" म्हणाली की मी "बरं, चहा टाकू?" एवढंच म्हणायचो. उपाय नाही, सल्ला नाही. प्रेमापोटी विचारणं थांबवायला फार जड जातं, पण घरच्यांनी करण्यासारखं याहून मोठं काही मला सापडलं नाही.

रात्रीचं मात्र हातात आहे. पूर्ण शांतता नको. उन्हाळ्यात पंख्याने तिचं भागायचं, डिसेंबरात पंखा बंद झाला आणि त्रास वाढला. मग तोंड भिंतीकडे करून टेबलफॅन, नाहीतर लहान स्पीकरवर पावसाचा आवाज. इअरफोन नको. आवाज एवढाच ठेवा की शिट्टी थोडी ऐकू येत राहील. ती पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होत नाही. याच कारणाने शांत घरात इअरप्लग घालून बसू देऊ नका. ते गोंगाटासाठी. शाळेत वर्गशिक्षिकेला भेटून परीक्षेत तिची जागा पंख्याखाली करून घेतली. चिडीचूप वर्गातच त्रास जास्त व्हायचा.

आजी लसूण घालून गरम केलेलं तेल कानात घालायला निघाली होती. कानात काही घालायचं नाही हे सांगितल्यावर तिला वाईट वाटलं. मग रोज रात्री डोक्याला तेल लावायचं काम तिच्याकडे दिलं आणि खरं सांगतो, झोपेला त्याची मदत झाली.

आवाज बंद करणारी गोळी आजतरी नाही. जिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या मिळतात, त्यांवर आम्ही पैसे घालवले. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४च्या मार्गदर्शिकेत त्या देऊ नयेत असंच म्हटलंय. आवाजाचा जाच कमी करण्यात सीबीटी या समुपदेशनाचा (त्रासाबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवतात) पुरावा चांगला आहे. लेकीला त्याचाच उपयोग झाला. आवाज अजून आहे, पण दिवसचे दिवस तिच्या लक्षात येत नाही. पथकात ती परत गेली, आता ध्वज घेते, कानात प्लग घालून.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल, तर "सवय होईल" वर थांबू नका, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा. आणि तो गप्प गप्प राहत असेल, जेवण टाकत असेल, "असं जगून काय उपयोग" यासारखं काही बोलला असेल, तर तिथे मात्र सरळ विचारा, आजच विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. पहिला फोन तुम्ही स्वतः केलात तरी चालेल.