आजीचे ‘कुसुम’ हे नाव मुलीला ठेवायचे आहे, पण ते जुनाट वाटते. त्याला आजचे रूप कसे द्यावे?

तुम्ही लिहिले आहे की आजीचे नाव कुसुम होते, मुलगी नुकतीच जन्मली आहे आणि घरात सर्वांना आजीची आठवण हवी असली तरी ‘कुसुम’ कोणालाच नको आहे. म्हणून कुसुमिता, कुशा आणि कुसुमांजली यांपैकी कोणते बरे दिसेल, असा तुमचा प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे. यांपैकी एकही नको. कुसुम ठेवायचे असेल तर कुसुमच ठेवावे, नसेल तर मुलीला तिचे स्वतःचे नवे नाव द्यावे आणि आजीचा फोटो भिंतीवर लावावा.

परंतु त्याआधी एक चौकशी करा. कुसुम हे आजीचे माहेरचे नाव आहे की सासरचे? तुमची आजी मराठवाड्यातली असेल आणि निजामाच्या राज्यात जन्मलेली असेल, तर ते सासरचे असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्याकडच्या त्या पिढीतील बायकांची माहेरची नावे एकापाठोपाठ एक लिहून काढली तर तीर्थयात्रेचा नकाशा तयार होतो: काशी, प्रयाग, गया, मथुरा, द्वारका, अयोध्या, गोदावरी, चंद्रभागा. कुसुम, प्रमिला, शकुंतला, मालती, सुलोचना ही नावे आमच्या भागात, निदान माझ्या पाहण्यातल्या घरांत, शिकलेल्या नवऱ्यांबरोबर आली.

माझ्या आजीचे, म्हणजे वडिलांच्या आईचे, माहेर गंगाखेड. जनाबाईंचे गाव आणि घर गोदेच्या घाटाजवळ, त्यामुळे मुलीचे नाव गोदावरी ठेवताना कोणाला फार विचार करावा लागला नसणार. निजामाचे राज्य भारतात आणणाऱ्या 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी तिचे लग्न अंबाजोगाईला झाले. आजोबा औरंगाबादला शिकून आलेले शिक्षक होते आणि लक्ष्मीपूजनाच्या वेळी त्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने ‘प्रमिला’ असे लिहिले. ते नाव त्या काळी सुधारलेल्या घरातले समजले जाई. तेव्हापासून शिधापत्रिकेवर, मतदार यादीत आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ती प्रमिलाबाईच राहिली. माहेरहून जे आंतरदेशीय पत्र येई, त्याच्यावर पोस्टमनला कळावे म्हणून ‘सौ. प्रमिलाबाई’ असे लिहिलेले असे आणि आत धाकट्या भावाच्या अक्षरात पहिली ओळ असे, ‘ती. सौ. गोदाताईस शि. सा. न. वि. वि.’ सरकारी कागदावर गोदावरी हे नाव माझ्या माहितीप्रमाणे एकदाच आले, ते माहेरच्या जमिनीतील हिस्सा भावांना सोडून दिल्याच्या हक्कसोडपत्रावर. त्याला ‘गोदावरी व प्रमिला ही एकच व्यक्ती आहे’ असे प्रतिज्ञापत्र जोडावे लागले होते.

त्यामुळे जुन्या नावाला आजचे रूप देणे ही काही या पिढीची कल्पना नव्हे. आजोबांनी नेमके तेच केले होते आणि त्यांचे ते ‘आजचे रूप’ आता तुमच्यासारख्यांना जुनाट वाटू लागले आहे. तुम्ही कुसुमिता ठेवलेत तर त्याचेही पुढे हेच होणार आहे.

माझी मुलगी शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणावर जन्मली आणि गुरुजींनी पंचांग पाहून ‘गो’ हे अक्षर काढले, तेव्हा सासरी, लातूरला, सर्वांचे चेहरे उतरले, कारण ‘गो’वरून आजच्या चालीचे मुलीचे नाव सहजासहजी निघत नाही. माझे मात्र तिथल्या तिथे ठरले. राशीच्या अक्षरावर माझा फारसा विश्वास नाही, पण अक्षर आपल्या बाजूने पडले असताना पंचांगाशी कशाला भांडा? (तुमच्या मुलीचे आर्द्रेचे पहिले चरण असेल तर अक्षर ‘कु’ येईल आणि निम्मा वाद आपोआप मिटेल.) थोरल्या नणंदबाईंना, म्हणजे नाव ठेवण्याचा मान असलेल्या आत्याबाईंना, ही बातमी फोनवर कळली आणि त्या म्हणाल्या, ‘अगं, गोदावरी आमच्याकडे भांड्याला येते तिचं नाव आहे. शाळेत लेकराला पोरं चिडवतील तेव्हा कळेल तुला.’ पुढे दोन्हीकडचे राखायचे म्हणून त्यांनी मोबाइलवरच्या याद्या चाळून ‘गोदाक्षी’ हे नाव काढले. गोदेला डोळे कुठे असतात, असे मी विचारले. त्यावर, ‘अर्थ कोण बघतंय आता?’ असे उत्तर मिळाले.

बारशाला पाळणा सजला, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाले आणि वन्संनी पाळण्यात वाकून कुर्र केले. पाठीवर बायकांचे धपाटे पडत असतानाही त्यांनी ‘गोदाक्षी’ असे ओसरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटले. घुगऱ्यांच्या पाकिटांवर लावायला गुलाबी अक्षरांत ‘गोदाक्षी’ असे छापलेले स्टिकरही त्या नांदेडहून येतानाच घेऊन आल्या होत्या, म्हणजे निर्णय आधीच छापून झालेला होता. माझे यजमान पेढ्यांचे ताट घेऊन उभे होते आणि उभेच राहिले. मी चारचौघांत काही बोलले नाही. जन्मनोंदणीत नाव घालण्याचा अर्ज मात्र मी स्वतः आणला, ‘गोदावरी’ असे भरला आणि यजमानांची सही घेऊन दिला. वन्सं आजही फोनवर ‘गोदाक्षी काय करतेय?’ असे विचारतात आणि मुलगी ‘कोण?’ म्हणते. शाळेत तिला कोणी चिडवत नाही. तिच्या वर्गात आराध्या मात्र एकाहून अधिक आहेत आणि त्या मुलींना बाई आडनावाने हाक मारतात.

भांडी घासणाऱ्या बाईचे नाव आपल्या मुलीला नको, हा जो युक्तिवाद आहे, तो मला आजही चीड आणतो. गावात ही नावे टिकली, गावातल्या बायका पोटासाठी शहरात आल्या आणि मालिकावाल्यांनी मोलकरणींना तीच नावे दिली, यात त्या नावांचा काय अपराध? आपल्याकडे दगडाबाई, धोंडाबाई अशी नावे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवत. जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके त्याच नावाने निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरल्या आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात त्याच नावाने आहेत. त्यांना कोणी ‘दृषदा’ (संस्कृतात दृषद् म्हणजे दगड) करायला गेले नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. कुसुम हे नाव लांब नाही, अवघड नाही, अर्थही चांगला आहे. मग ते जुने का वाटते? माझ्या मते कारण शेवटच्या अक्षरात आहे. हल्ली मुलींची नावे बहुधा ‘आ’ किंवा ‘ई’ने संपतात, जसे इरा, सई, ओवी, अन्वी. कुसुम, सुमन, कमल, विमल, मंगल ही मात्र व्यंजनावर थांबतात. त्यातच पुढे ‘बाई’ लागले की वय एकदम साठीपार जाते. तेवढे ‘बाई’ काढा, बाकी काही दुरुस्त करू नका. विमलबद्दल मी जरा कचरते, कारण ते नाव पानमसाल्याच्या पुडीने खाल्ले आहे. कमल आणि विमल ही नावे उत्तरेत पुरुषांचीही असतात, हेही ध्यानात असू द्यावे. नलिनी, शालिनी, मालिनी यांना हात लावण्याची काहीच गरज नाही. मंदाकिनीची ‘मंदा’ करू नये, पूर्ण नाव फार सुंदर आहे. सत्यभामेची भामा आणि शकुंतलेची शकू घरात शोभते, पण कागदावर पूर्ण नाव असावे. प्रयाग आणि द्वारका तर आज कोणी ठेवली तर ती नुकतीच सुचलेली वाटतील. पर्यायी नावाचा मार्गही आहे, म्हणजे गोदावरीची गौतमी, भागीरथीची जान्हवी, नर्मदेची रेवा. ही खरी, जुनी, अर्थपूर्ण नावे आहेत आणि गोदाक्षीपेक्षा कितीतरी बरी आहेत, फक्त त्यांत नदी राहते आणि आजी राहत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळीच जुनी नावे जपण्याच्या लायकीची नाहीत. ‘नकोशा’सारखी नावे पुसलीच पाहिजेत आणि 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावे बदलली, ते उत्तम झाले. दुसरे असे की आजीचे नाव आणि तुमच्या मुलीच्या आजीचे, म्हणजे सासूबाईंचे, नाव एकच असेल तर जपून. सुनेला सासूचे नाव घेऊन लेकीवर ओरडता येत नाही, मग छकुली, माऊ असे काहीतरी सुरू होते आणि मूळ नाव पेटीत जाते.

कागदाचेही पाहा. एकमत होत नसेल तर घाई करू नका. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 प्रमाणे जन्माची नोंद नावाशिवायही होते. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव घातल्यास शुल्क पडत नाही आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. पण एकदा घातलेले नाव बदलणे कटकटीचे आहे, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखलाच दाखवावा लागतो, म्हणून त्यावर हौसेचे नाव नको. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. मंदाकिनीसारखे नाव असेल तर अर्जाच्या चौकटी आधी मोजून घ्या. इंग्रजी स्पेलिंगही पहिल्याच दिवशी ठरवा. गोदावरीतला ‘व’ व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, हे आमच्याकडे आधार कार्डाने एक आणि शाळेने दुसरे ठरवले आहे.

पाळण्यात आत्याबाईंना जे म्हणायचे ते म्हणू द्या, तो त्यांचा मान आहे. अर्ज तुम्ही भरा. पण त्याआधी आजीच्या माहेरी कोणी असेल तर तिचे लग्नाआधीचे नाव विचारून घ्या. ते कोणाला आठवत नसेल तर तिच्या भावांच्या घरी जमिनीची जुनी कागदपत्रे काढायला सांगा. हक्कसोडपत्र केले असेल तर त्यावर ते नाव असेल.