हवा चढल्याशिवाय गाडी हलत नाही

(बस आगारात उभी हयात काढलेले एक निवृत्त मेकॅनिक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आमचं घर सोलापुरात बस आगाराच्या भिंतीला लागून आहे. पहाटे साडेचारपासून गाड्या जागेवरच घरघरत असतात. मधेच ‘फुस्स’ असा मोठा आवाज होतो, बाळ दचकून उठतं. उभ्या गाडीत डिझेल जाळायची ही कुठली पद्धत?
– एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : ताई, निम्मी तक्रार रास्त आहे, निम्मी नाही. बसचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो आणि ड्रायव्हरने पाय दाबला की ती हवा ब्रेक लावते. रात्रभर गाडी उभी राहिली की बारीकसारीक गळतीने हवा उतरते. सकाळी हवेच्या दाबाचा काटा सात-आठ बारच्या आसपास चढल्याशिवाय गाडी काढायचीच नाही. हल्लीच्या गाड्यांचा पार्किंग ब्रेक तर उलटा चालतो : स्प्रिंग तो लावून धरते, हवा तो सोडवते. हवा नाही, तर चाक सुटत नाही.

जुन्या गाड्यांना हा पहारेकरी नव्हता. मी हेल्पर असताना एका ड्रायव्हरने हवा कमी असल्याचा बझर वाजत असतानाच हँडब्रेक सोडला. उतारावर उभी गाडी सरकली, पायाचा ब्रेक धरेना, आणि धुलाईच्या हौदाला मागून धडकली. गाडीत कोणी नव्हतं. हौदाची भिंत मात्र वर्षभर तशीच होती, येता-जाता आम्हाला वाकुल्या दाखवत.

तो ‘फुस्स’ दोन ठिकाणांहून येतो. हवा पुरेशी भरली की जादा हवा बाहेर पडते, हा एक. दुसरा आमच्या हातचा : टाकीखालची रिंग ओढून साचलेलं पाणी काढायचं. हवेतली वाफ टाकीत थंड होऊन पाणी होते, त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळतं, आणि ताकासारखं पांढुरकं काहीतरी बुटावर उडतं. ते तसंच राहू दिलं तर व्हॉल्व्ह खराब होतात. आता बऱ्याच गाड्यांना हवा कोरडी करणारा ड्रायर असतो, पण माझा हात अजून रिंगकडे जातो.

आता तुमची रास्त बाजू. गाडी धड असेल तर हवा चढायला पाच-दहा मिनिटं पुष्कळ झाली. अर्धा तास घरघर चालू असेल तर एकतर हवा गळतेय, नाहीतर ड्रायव्हर गाडी चालू ठेवून चहाला गेलाय. आगार व्यवस्थापकांना लेखी कळवा, गाडीचा नंबर टाकून. नंबर असला की कागद हलतो. ई-बस आली तर इंजिनाची घरघर जाईल, पण हवेचे ब्रेक तिलाही असतात. बाळाला फुस्सची सवय करावीच लागेल.

प्रश्न : बार्शीला जाताना स्टँडवर पाहिलं, एक माणूस हातोडीने गाडीचे टायर ठोकत होता. त्याने काय कळतं?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : मागे दोन्ही बाजूंना टायरची जोडी असते. आतला बसला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. ठोकलं की भरलेला टायर हातोडी उडवतो, टणक वाजतो. बसलेला ‘थप्’ करतो. कलिंगड वाजवून घेतोस ना, तसंच. सगळा भार एकट्या बाहेरच्या टायरवर आला की तो तापून फुटतो, आणि आपल्याकडचा मे महिना तर तुला ठाऊकच आहे. एक मात्र लक्षात ठेव : धावून तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून सोडायची नसते. हवा मोजायची ती थंड टायरची, पहाटे.

प्रश्न : एसटीच्या गाड्यांचं मोठं काम आगारातच होतं का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : नाही. रोजची तपासणी, ऑइल, ब्रेक सेटिंग आगारात. त्यावरचं काम विभागीय कार्यशाळेत. बॉडी बांधणीसाठी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा या मध्यवर्ती कार्यशाळा. तिथून रंगवून आलेल्या गाडीवर आमच्याकडे आधी नारळ फुटायचा, आणि लगेच कोणीतरी चादर कारखान्यातल्या रंगीत सुताचा बोळा घेऊन तिच्या काचा पुसायला लागायचा.