कायदा झाल्यावरचं काम

प्रिय भाच्या,

“कायदा तर झाला, आता फोन कुणाला करायचा?” हा तुझा प्रश्न वाचला. माझ्या मते खरं काम आत्ता सुरू होतंय, आणि ते वॉशिंग्टनपेक्षा ट्रेंटनला, म्हणजे आपल्या न्यू जर्सीच्या राजधानीत, जास्त आहे.

४ जुलै २०२५ ला सही झालेला, सरकारी मदतीच्या अटी कडक करणारा अमेरिकेचा तो भलामोठा कायदा (‘वन बिग ब्यूटिफुल बिल’) सेनेटमध्ये ५०-५० वर अडला आणि उपाध्यक्षांच्या मतानं सुटला. तो पुन्हा एकदा वाच, पण त्यात मुलांचा उल्लेख शोधू नकोस, मुलांना फटका बसतो तो मोठ्यांच्या अटींतून. मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याची) कामाची अट १९ ते ६४ वयाच्या मोठ्या माणसांना आहे: महिन्याला ८० तास नोकरी, शिक्षण किंवा समाजसेवा, आणि त्याचा पुरावा. मूल तेरा वर्षांचं किंवा त्याहून लहान असेल तर आईवडिलांना सूट. स्नॅपमध्येही, म्हणजे अन्नखरेदीच्या सरकारी मदतीत, आईवडिलांना मुलामुळे मिळणारी सूट आता मूल चौदाच्या आतलं असेल तरच मिळते. पूर्वी ती अठरापर्यंत होती. म्हणजे पोराचा चौदावा वाढदिवस झाला की आईनं तासांचा हिशेब ठेवायचा. स्नॅपमधून कापला जातो तो आईचा वाटा, मुलाचा नाही, असं अधिकारी सांगतील. कागदावर ते बरोबरच आहे. पण घरात कुकर एकच लागतो.

अर्कान्सॉ राज्याची गोष्ट पाठ करून ठेव. २०१८ साली तिथे मेडिकेडला अशीच अट लागली. तास भरायचे ते सुरुवातीला फक्त वेबसाइटवर, आणि ती वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद! दिवसभर कामावर असणाऱ्यानं काम केल्याचं सांगायचं कधी? काही महिन्यांत अठरा हजारांवर लोकांचं विम्याचं संरक्षण गेलं. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना अट लागू होती त्यातले बहुतेक जण काम करतच होते किंवा सवलतीत बसत होते. मार्च २०१९ मध्ये न्यायालयानं ती अट थांबवली. लोक आळसानं नाही, फॉर्मानं बाहेर पडतात. तुझ्या प्रत्येक निवेदनाचा गाभा हाच असू दे.

आता ट्रेंटनकडे. मेडिकेडची ही नवी अट लागू करायची मुदत १ जानेवारी २०२७ आहे आणि तपशील बराचसा राज्यांवर सोडलाय. नव्या अर्जदारानं आधीच्या एका महिन्याचे तास दाखवायचे की तीन महिन्यांचे, हे राज्य ठरवतं. तुझी मागणी एक महिन्याची. दुसरी मागणी: पगाराची माहिती सरकारकडे आधीच असेल तर कागद मागू नका. बस, दोनच. मोठी यादी घेऊन गेलास तर आमदाराच्या कचेरीतला मुलगा मान डोलावतो आणि फाइल बंद करतो.

पैशाचं गणितही समजून घे, नाहीतर तिथे कोणी तुला गांभीर्यानं घेणार नाही. ऑक्टोबर २०२६ पासून स्नॅप चालवायच्या खर्चात राज्याचा वाटा ५० वरून ७५ टक्के होतो. ऑक्टोबर २०२७ पासून ज्या राज्यात मदतीची रक्कम देताना होणाऱ्या चुकांचं प्रमाण ६ टक्के किंवा जास्त, त्याला खुद्द मदतीच्या रकमेतलेही ५ ते १५ टक्के भरावे लागतील. चूक टाळायच्या धास्तीनं काउंटीची (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) कचेरी जास्त कागद मागणार, आणि कागद वाढले की कुटुंबं गळणार. खिडकीमागच्या बाईंवर चिडू नकोस, त्यांच्यासाठी माणसं वाढवून माग.

राज्याकडून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना सांग, की न्यू जर्सीनं जानेवारी २०२३ पासून १९ वर्षांखालच्या पात्र मुलांना, त्यांचे इमिग्रेशनचे कागद काहीही असोत, फॅमिलीकेअर, म्हणजे राज्याची सरकारी आरोग्य विम्याची योजना, खुलं केलं.

आपल्या मराठी मंडळातले काही म्हणतील, “मेडिकेडशी आपला काय संबंध?” वाद घालू नकोस. गणपतीच्या महाप्रसादाला वाढणाऱ्यांत दुकानात तासावर काम करणाऱ्या किती काकू आहेत, ते बघ. कुणी व्हिसाच्या भीतीनं मुलाचं नाव सरकारी योजनेतून काढायला निघालं तर स्वतः सल्ला देऊ नकोस, इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठव. आणि हो, लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही. एच-वनवालाही (नोकरीच्या व्हिसावरचा) लिहू शकतो, मत तेवढं देता येत नाही.

केंद्राच्या एखाद्या नियमावर हरकती मागवल्या की तयार मजकूर चिकटवू नकोस. एकसारखी पत्रं एका गठ्ठ्यात जातात. नेमका मुद्दा मांडला तर खात्याला अंतिम नियमात त्याचं उत्तर द्यावं लागतं. एका कुटुंबाची हकिकत लिही, त्यांना विचारून, नाव-गाव बदलून.

राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी, वसंतात, विधिमंडळाच्या अर्थसंकल्प समित्या लोकांचं म्हणणं ऐकतात. तिथे वेळ मोजूनमापून मिळतो, म्हणून आधी घड्याळ लावून मोठ्यानं वाच. मसुदा मला मराठीत पाठवलास तरी चालेल, इंग्रजी करताना काय गाळायचं ते मी सांगेन.

तुझी,
मावशी