सोलापुरात रोज फिरवायच्या जुन्या पेट्रोल जीपला कुठला सायलेन्सर बसवावा?

आतून कप्पे असलेला, मूळ पाइपाच्याच व्यासाचा घ्या. सरळ नळीचा नको. गॅरेजात दोन्ही कापून बघितलेत. सरळ नळीच्यात भोकाभोकांची एक नळी आणि तिच्याभोवती काचलोकर, बास. सुरुवातीला झकास खर्ज लागतो, मग लोकर जळून उडून जाते आणि जीप पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. पुणे हायवेला एका स्पीडवर धरली की डोक्यात नुसतं घूं घूं. कप्प्यांच्यात धूर वळसे घेत जातो, आवाजाच्या लाटा आतल्या आत एकमेकींना मारतात. सात रस्त्याला सिग्नलवर उभं राहिलात तरी पोलीस मान वळवत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाजासाठी पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून म्हटलं. जाड पाइपाने पॉवर वाढते हे चार सिलिंडरच्या साध्या इंजिनाला फारसं लागू नाही, उलट कमी स्पीडला गाडीचा ओढा (खेचायची ताकद) जातो. फक्त कप्प्यांत पाणी साचून पत्रा आतून गंजतो. सगळ्यात खालच्या जागी ३ मिलिमीटरचं भोक मारून घ्या.