दिएगो फोर्लान निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी लोक त्याचं नाव का काढतात?

तुम्ही विचारलंय की मेस्सी-रोनाल्डोच्या काळात खेळलेल्या, 2019 मध्ये निवृत्त झालेल्या उरुग्वेच्या या फुटबॉल स्ट्रायकरचं, फोर्लानचं, एवढं काय? माझ्यासाठी उत्तर 2010 च्या विश्वचषकात आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या त्या स्पर्धेत ‘जाबुलानी’ चेंडूवर गोलकीपरच काय, मोठमोठे स्ट्रायकरही वैतागले होते. चेंडू हवेत कुठे वळेल याचा नेम नव्हता. फोर्लानने मात्र तो आपलासा केला. घानाविरुद्ध डावीकडून उजव्या पायाने घेतलेली फ्री किक आठवा. गोलकीपर एका बाजूला झुकला आणि चेंडू दुसरीकडून आत गेला. उपांत्य फेरीत नेदरलँड्सविरुद्ध गोल केला तो डाव्या पायाने, तोही लांबून. दोन्ही पायांत तेवढीच ताकद असलेला खेळाडू विरळाच. जर्मनीविरुद्धच्या तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात 3-2 ने मागे असताना अगदी शेवटच्या क्षणी त्याची फ्री किक क्रॉसबारवर आदळली. तो आवाज मला अजून आठवतो.

उरुग्वे चौथा आला, तरी स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ त्यालाच मिळाला. जेमतेम 35 लाख वस्तीचा देश 40 वर्षांनी उपांत्य फेरीत पोहोचला होता. पुढच्याच वर्षी कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पॅराग्वेविरुद्ध त्याने दोन गोल केले. वडील पाब्लो फोर्लान उरुग्वेकडून विश्वचषक खेळलेले, आजोबा हुआन कार्लोस कोराझो राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. आजोबा, वडील आणि आता हा: त्या घरात सलग तिसऱ्या पिढीत कोपा आला.

आणि हाच माणूस, या विश्वचषकाच्या कितीतरी आधी, मँचेस्टर युनायटेडमध्ये पहिल्या गोलसाठी आठ महिने झगडत होता! लोकांनी त्याला मोडीत काढलं होतं. पुढे स्पेनमध्ये विलारेआलकडून 25 आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून 32 गोल करून तो दोनदा ला लीगातला सर्वाधिक गोल करणारा ठरला. हे मला फार मोठं वाटतं.

आपल्या मुंबईकरांना तर तो हक्काचा. 2016 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीकडून खेळायला आला तेव्हा 37 वर्षांचा होता. केरला ब्लास्टर्सविरुद्ध अंधेरीच्या मैदानावर त्याने हॅटट्रिक केली, आम्ही 5-0 ने जिंकलो. मी स्टँडमध्ये होतो. तो फारसा धावत नव्हता. बचावपटू चेंडूकडे बघत असायचे आणि हा दोन पावलं मागे सरकून रिकाम्या जागेत उभा. चेंडू बरोबर तिथेच यायचा. माझ्या शेजारी बसलेले काका, शाळेतल्या नातवाला घेऊन आलेले, दर वेळी चेंडू यायच्या आधीच त्याला सांगायचे, “चेंडूकडे नको, त्याच्याकडे बघ.”