सासूबाईंना घेऊन कोल्हापुरात राहताय तर खोलीच्या आधी बाथरूमचं विचारा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं सहाजण येणार, सासूबाई ७४ च्या आणि गुडघ्यानं बेजार, बरोबर दोन पोरं, मुक्काम दोन रात्री, आणि घरात वाद असा की अंबाबाईच्या देवळाला लागून साधं लॉज घ्यायचं का स्टेशन रोड, ताराबाई पार्क, कावळा नाका या पट्ट्यातलं मोठं महागातलं हॉटेल. माझं मत विचाराल तर मोठंच घ्या. पण जे फोटो बघून आपण भुलतो त्यासाठी नको, दुसऱ्याच कारणासाठी घ्या, आणि ते कारण मला स्वतःला गावातल्या गावात राहून कळलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं घर मंगळवार पेठेत. डिसेंबरात आई-आबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, बहीण पुण्याहून, धाकटा भाऊ बेंगळुरूहून, पोराबाळांसकट नऊजण, आणि घरात झोपायच्या खोल्या दोन. बहिणीनं ठरवलं की दोन रात्री सगळ्यांनी हॉटेलात राहायचं, कुणी स्वयंपाकघरात अडकायचं नाही. आबा आधी तयारच नव्हते, "गावात घर असताना हाटेलात झोपायचं म्हंजे काय रं, गल्लीत काय सांगू" असं त्यांचं चाललेलं. पण नातवंडांनी धरलं आणि आले. हॉटेलचं नाव लिहीत नाही, शहराच्या मध्यात आहे आणि चांगल्यातलं आहे एवढं पुरे.

फोनवर आम्हाला सांगितलेलं की तिन्ही खोल्या शेजारी-शेजारी देऊ, दोन तर आतून दार असलेल्या. गेल्यावर कळलं की एक दुसऱ्या मजल्यावर आणि दोन पाचव्यावर. लग्नसराई, सगळं फुल. मी तिथंच काउंटरवर बोललो, पण हातात काय होतं तर फोनवरचं बोलणं, बुकिंगच्या कागदावर फक्त "३ रूम" एवढंच. म्हणून पहिली गोष्ट ही की जे पाहिजे ते मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि समोरून 'हो' आलेलं जपून ठेवा. सासूबाईंची खोली आणि तुमची खोली एका मजल्यावर, लिफ्टपासून लांब नको, एवढं वाक्य लिहून मागायला काहीच लागत नाही.

आता खरी गोष्ट बाथरूमची. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा तसाच दुखरा. खोली दिली ती भारी होती, मोठी काच, पांढरा टब. पण आंघोळ करायची तर त्या टबातच उभं राहायचं, आणि टबाची कड आईच्या गुडघ्याला लागत होती, धरायला भिंतीला एक दांडासुद्धा नाही, खाली फरशी गुळगुळीत. आई खांद्यावर टॉवेल टाकून एक हात बेसिनवर ठेवून उभी, आणि म्हणाली, "मी काय ह्यात उतरत नाही बघ. पडलो तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागंल तुम्हाला." मला पोटात कालवल्यासारखं झालं, एवढे पैसे भरून आईला साधी आंघोळ करता येईना.

खाली फोन केला. हाउसकीपिंगचा एक पोरगा आला, बावीस-तेवीसचा असेल, आत बघितलं, काही न बोलता गेला आणि दहा मिनिटांत प्लास्टिकचं स्टूल, रबरी मॅट आणि बादली-मग घेऊन आला. मॅट टबाबाहेर कोरड्या बाजूला अंथरली, स्टूल हलतंय का ते स्वतः दाबून बघितलं, आणि मग म्हणाला, "आज्जी, आजच्या दिवस असं बसून घ्या, चौथ्या मजल्यावर एक रूम उद्या मोकळी व्हायची हाय, तिथं टब न्हाई, मी साहेबास्नी आत्ताच सांगून ठेवतो." दुसऱ्या दिवशी अकराला खोली बदलून मिळाली, सामान त्यानंच नेलं. आईनं त्याचं गाव विचारलं, गगनबावड्याकडचा निघाला, मग काय दोघांचं भाताच्या रोपांवर बोलणं सुरू. मी म्हणतोय ते कारण हेच. मोठ्या हॉटेलात माणसं असतात, रात्री दोनला फोन उचलणारं कुणीतरी असतं, लिफ्ट बंद पडली तर जनरेटर असतो, सासूबाईंना त्रास झाला तर गाडी बोलवून देतात. साध्या लॉजवर मालक कितीही भला असला तरी एवढी माणसं तो कुठून आणणार.

तेव्हा फोनवर पहिला प्रश्न, "टब आहे का नुसता शॉवर?" दुसरा, "स्टूल मिळेल का?" तिसरा, "त्या तारखेला हॉलमध्ये लग्न किंवा रिसेप्शन आहे का, आणि आमची खोली त्या बाजूला नको." आमच्या पहिल्या रात्री खालच्या लॉनवर रिसेप्शन होतं, आवाज दहाला थांबला खरा, पण खुर्च्या-भांडी आवरणं बारापर्यंत चालू, धाकट्या भावाचं तान्हं बाळ जागंच.

पैशाचं बोलतो, कारण इथं घोळ होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७,२०० ची खोली ३६० धरून ७,५६० ला पडते आणि ७,८०० ची खोली १,४०४ धरून ९,२०४ ला. भाड्यात फरक सहाशेचा, खिशातून जातात सोळाशेच्या वर. एक्स्ट्रा बेड घेणार असाल तर तो धरून एकूण बिल टॅक्ससकट किती ते आधीच विचारा. जिथं साडेसात हजारांवरच्या खोल्या असतात तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही बहुतेक १८ टक्केच लागतात, म्हणून सहाजणांची दोन्ही वेळची जेवणं तिथं नका करू. आणि बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो काढायला सांगा, २०२२ पासून ग्राहक प्राधिकरणाची सूचना आहे की तो सक्तीनं घेता येत नाही. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यापेक्षा ते पैसे ज्यानं खरंच आपलं काम केलं त्याच्या हातात द्या.

देवळाचं. हॉटेल स्टेशन रोड-ताराबाई पार्कच्या पट्ट्यात असलं तर देऊळ अडीच-तीन किलोमीटर, रिक्षानं काहीच नाही. स्वतःची गाडी असती तर बिंदू चौकात लावून पुढं चालावं लागलं असतं, रिक्षा देवळाजवळच्या भवानी मंडपाच्या शक्य तेवढ्या जवळ सोडते. सासूबाईंना पहाटेच न्या, उन्हात आणि रांगेत उभं करू नका. आम्ही पहाटे पाचला निघालो, हॉटेलचा नाष्टा साडेसातला सुरू होणार, पण आदल्या रात्री सांगून ठेवलं तर किचननं थर्मासमध्ये चहा आणि आबांना गोळ्यांच्या आधी खायला सँडविच बांधून दिली. भाड्यात नाष्टा धरलेला असेल तर मागितलं की सहसा देतात, फक्त रात्री दहाच्या आत सांगायचं.

तुमची गाडी सकाळी सात-साडेसातच्या सुमारास पोचते आणि चेक-इन सहसा दुपारी असतं, हे विसरू नका. रात्रभर प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला लॉबीत पाच तास बसवणं वाईट. एक खोली तरी सकाळी देणार का ते लिहून घ्या, थोडे जादा पडले तरी द्या.

जेवणाचं एक मनापासून सांगतो, हॉटेलातला तांबडा-पांढरा बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सौम्य केलेला असतो. आबांनी पांढरा रस्सा एक वाटी प्यायला आणि वाटी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना गावातल्या खानावळीत नेलं तेव्हा कुठं ते बोलायला लागले. तुम्हीही एक जेवण बाहेर आणि एक सकाळ मिसळीला ठेवा, इथं मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो, पोरांना कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागा. संध्याकाळी खासबागेजवळ भेळ. न्यू पॅलेस मुलांना आवडेल, १८८४ मध्ये बांधून झालेला राजवाडा आहे, शाहू महाराजांच्या घराण्याच्या वस्तू बघायला मिळतात. पन्हाळा वीसेक किलोमीटर, पण सासूबाईंना गडावर फार चालवू नका, त्या दिवशी त्यांना हॉटेलातच झोपू द्या, खोली चांगली घेतलीय ती त्यासाठीच.

जुलै-ऑगस्टचा बेत असेल तर रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. २०१९ ला पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, २०२१ लाही पाणी आलं. नवरात्र टाळता आलं तर टाळा. तारखा कळवा मला, ९ ते ११ नोव्हेंबरच्या किरणोत्सवाच्या (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात तो सोहळा) असतील तर खोली आजच धरा, त्या तीन दिवसांत चांगली खोली उरत नाही.