मुखपत्र कुणाला म्हणावं?

प्रश्न असा आहे : एका भाषांतरात अमेरिकेतल्या 'द नेशन'ला 'डाव्यांचं मुखपत्र' आणि 'नॅशनल रिव्ह्यू'ला 'उजव्यांचं मुखपत्र' म्हटलंय. हा शब्द इथे चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. मुखपत्र म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी तोंड. पक्षाची किंवा संस्थेची अधिकृत भूमिका ज्यातून मांडली जाते, ते. 'प्रावदा' हे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीचं मुखपत्र होतं. फ्रान्सचं 'ल्युमानिते' १९०४ साली समाजवादी जाँ जोरेस यांनी काढलं. पुढे ते कम्युनिस्ट पक्षाकडे गेलं आणि पक्षाचं मुखपत्र असल्याचं अनेक दशकं नावाखाली छापत राहिलं. अशा ठिकाणी हा शब्द शिवी नाही, साधं वर्णन आहे.

आता 'नॅशनल रिव्ह्यू' बघा. विल्यम बकली यांनी १९५५ साली ते सुरू केलं, पक्कं उजव्या विचारांचं. पण २०१६च्या जानेवारीत याच नियतकालिकाने रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीत आघाडीवर असलेल्या ट्रम्प यांच्या विरोधात खास अंक काढला. वीसहून अधिक उजव्या लेखकांनी त्यात लिहिलं. पक्षाने लगेच या नियतकालिकाला उमेदवारांच्या एका जाहीर वादफेरीच्या सहआयोजनातून वगळलं. ज्याला पक्ष दाराबाहेर काढतो, ते त्या पक्षाचं तोंड कसं असेल?

'नॅशनल रिव्ह्यू' तेव्हा पाक्षिक होतं, आणि मला वाटतं घोळ इथेच आहे. 'पक्ष' हा शब्दच फार ऐसपैस. मूळ अर्थ पंख, म्हणून तर पक्षी. मग बाजू, मग चंद्राचा पंधरवडा, मग शास्त्रार्थातला पूर्वपक्ष (म्हणजे आधी मांडलेली विरोधकाची बाजू), आणि राजकीय पक्ष त्यानंतर कितीतरी काळाने. पंधरवड्याला निघतं ते पाक्षिक. पक्षाच्या ताब्यात असतं ते पक्षीय. एका बाजूला इतकं कललेलं की दुसरी बाजू नीट मांडतच नाही, ते पक्षपाती. पाक्षिक, पक्षीय आणि पक्षपाती ही एकाच घरातली भावंडं, पण एकाच्या जागी दुसरं उभं करता येत नाही. ठाम बाजू घेऊनही विरोधकाचा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणारं नियतकालिक असू शकतं. त्याला पक्षपाती म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

'मतपत्र' हा जुना शब्द मला फार आवडतो. बातमी देतं ते वृत्तपत्र, मत मांडतं ते मतपत्र. अडचण एवढीच, की आज वाचकाला आधी मतदानाची मतपत्रिका आठवते.

त्या वाक्यापुरतं विचाराल, तर 'डाव्या विचारांचं' आणि 'उजव्या विचारांचं नियतकालिक' असं लिहा. मुखपत्र राखून ठेवा 'प्रावदा'साठी.